तरोटा, टाकळा आणि चक्रमर्द : परभणीच्या वनौषधींची नामकथा

मृगाचा पाऊस पडून गेला की परभणी जिल्ह्यात बांधांवर, गावठाणाच्या पडीक जागेत आणि रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. कोवळा असताना त्याची भाजी होते. पुढे शेंगा वाळल्या की बी नायट्यावर उगाळून लावतात. हीच वनस्पती कोकणात टाकळा होते, आयुर्वेदाच्या ग्रंथांत चक्रमर्द होते आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सेन्ना टोरा होते. वनस्पती एक आणि नावे चार. ही चार नावे म्हणजे एकाच वस्तूला चिकटवलेल्या चार चिठ्ठ्या आहेत, असे प्रथमदर्शनी वाटते. आमचे म्हणणे असे की त्या चार वेगवेगळ्या इतिहासांच्या खुणा आहेत, आणि त्यांतला एक इतिहास आजवर फारसा लिहिला गेलेला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी औषधी वनस्पतींच्या परिभाषेत का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. परिभाषा हा भाषेचाच व्यवहार आहे, हे त्याचे साधे उत्तर. शब्द कोणी घडवला, कोणी लिहून ठेवला आणि कोणाचा शब्द लिहिला गेला नाही, हे प्रश्न जितके काव्याच्या इतिहासाचे तितकेच काढ्याच्या आणि लेपाच्या इतिहासाचेही आहेत.

आरंभ यादवकाळापासून करावा लागतो. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे पाहणाऱ्याला 'हेमाडपंती' हा शब्द ओळखीचा असतो; परंतु ज्या हेमाद्रीच्या नावाने ही बांधणी ओळखली जाते, तो वैद्यकाचाही जाणकार होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळातील या मंत्र्याने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव आपल्याला 'मुग्धबोध' व्याकरणाचा कर्ता म्हणून ठाऊक आहे. तो केशव नावाच्या वैद्याचा मुलगा. वडिलांच्या 'सिद्धमंत्र' या ग्रंथावर त्याने टीका केली, आणि स्वतः 'हृदयदीपक' नावाचा निघंटू, म्हणजे औषधिद्रव्यांचा पर्यायकोश रचला.

या निघंटूची मांडणी भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. द्रव्यांचे वर्ग त्याने गुणधर्मांवरून किंवा रोगांवरून पाडले नाहीत. पर्यायशब्दांना श्लोकात किती जागा लागते, यावरून पाडले. ज्या द्रव्याची नावे सांगायला चार चरण लागतात त्यांचा एक वर्ग, तीन चरणांचा दुसरा, मग दोन, मग एक. पुढे दोनच नावे असलेल्यांचा, एकच नाव असलेल्यांचा आणि 'नानार्थ' वर्ग, म्हणजे एकच शब्द अनेक द्रव्यांना लागू पडतो अशांचा. व्याकरणकाराने रचलेला हा कोश आहे, हे मांडणीवरूनच कळते. अनेकार्थी नाव हा वैद्यकातला धोका आहे, तेव्हा त्याला स्वतंत्र जागा दिली पाहिजे, ही जाण तेराव्या शतकात या प्रदेशात होती.

यादवांनंतरच्या काळातील नरहरी पंडिताचा 'राजनिघंटू' आणखी एक पाऊल पुढे जातो. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६ साली तो 'धन्वंतरीय निघंटू'सह छापला. नरहरी आरंभीच सांगतो की द्रव्यांचे स्पष्टीकरण आपण कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन देशांच्या भाषांतून केले आहे. आंध्र, लाट इत्यादी भाषांतील नावे त्यांच्या आधाराने जाणून घ्यावीत. संस्कृत ग्रंथकार संस्कृत नावाचा अर्थ लावण्यासाठी मराठीकडे वळतो, ही घटना लहान नव्हे. संस्कृत नाव शुद्ध आणि देशी नाव त्याचा अपभ्रंश, अशी जी समजूत आपण शाळेपासून बाळगतो, ती येथे उलटी होते. संस्कृत नावांची संख्या मोठी, पण ते नाव नेमक्या कोणत्या झाडाचे हे देशी नावाशिवाय कळत नाही.

द्रव्यांना नावे कशी पडतात याची सात कारणेही नरहरीने नोंदवली आहेत : रूढी, स्वभाव, देश्योक्ती, लांछन म्हणजे अंगावरची खूण, उपमा, वीर्य आणि इतराह्वय, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नावावरून पडलेले नाव. ही सात सूत्रे संस्कृत नावांसाठी सांगितलेली असली तरी परभणीच्या शिवारात ती जशीच्या तशी चालतात. निरगुडी आणि अडुळसा ही रूढीची नावे. आज त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. लाजाळू हे स्वभावावरून पडलेले नाव, आणि बेशरम हेही. तोडून फेकले तरी जिथे पडेल तिथे पुन्हा फुटणाऱ्या झुडपाला याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. जुन्यांनी पिंपळीला मागधी आणि वैदेही म्हटले, तसेच आपण विलायती चिंच आणि विलायती बाभूळ म्हणतो. एकाच उंच दांड्यावर फूल धरणारी ती एकदांडी, हे लांछन. गाईच्या कानासारखे फूल ते गोकर्ण, ही उपमा. कडूलिंबात वीर्य आहे, कारण चव आधी आणि झाड नंतर. सीताफळात इतराह्वय.

यातली दोन नावे अधिक बोलकी आहेत. सीताफळ मूळचे अमेरिकेचे. बालाघाटाच्या डोंगरांत ते इतके रुजले की त्याला सीतेचे नाव मिळाले आणि परकेपण पुसले गेले. एकदांडीही मध्य अमेरिकेतून आलेले तण. चरक-सुश्रुतांना ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आपल्याकडे शेतात विळा लागला की तिचा पाला चेचून जखमेवर लावतात, आणि त्या गुणावरून तिला 'जखमजोडी' हे नाव पडले. तिला कंबरमोडी आणि दगडी पाला असेही म्हणतात. कोणत्याही प्राचीन निघंटूचा आधार नसताना शेतात राबणाऱ्या माणसांनी परक्या वनस्पतीची परीक्षा केली, गुण ठरवला आणि नाव दिले. पारंपरिक ज्ञान म्हणजे पूर्वजांनी दिलेला आणि आपण नुसता जपलेला ठेवा, असे म्हणणाऱ्यांनी या एका शब्दाचा विचार करावा. परंपरा नवे शब्दही घडवत होती.

परभणीच्या औषधभाषेचा दुसरा प्रवाह हैदराबादेकडून आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतराचे स्वतंत्र खाते निघाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे वैद्यकासारखा विषयही उर्दूतून शिकवला गेला. आधुनिक शास्त्र देशी भाषेतून शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, परंतु ज्या देशी भाषेची त्यासाठी निवड झाली ती परभणीच्या बहुसंख्यांच्या घरातली भाषा नव्हती. असे असले तरी, खालच्या पातळीवर हकीम, अत्तार आणि वैदू यांच्या व्यवहारात भाषांची देवघेव शतकानुशतके चालूच होती. ती राजाज्ञेने सुरू झाली नव्हती आणि राज्य गेल्याने थांबलीही नाही.

या देवघेवीची दोन उदाहरणे पाहू. इसबगोल हा फारसी शब्द. 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून हे नाव. म्हणजे नरहरीची उपमा फारसीतही आहेच. पुढे हे द्रव्य आयुर्वेदात आले, तेव्हा त्याचे एक संस्कृत नाव 'अश्वकर्णबीज' झाले, तो सरळ अनुवाद. आणि दुसरे 'ईषद्गोल' झाले, म्हणजे किंचित गोल. हे दुसरे नाव नुसत्या ध्वनीवरून घडवलेले आहे. आज कोणी भाबडेपणाने ईषद्गोलावरून इसबगोल आला असे सांगतो, तेव्हा इतिहास उलट्या पायांनी चालू लागतो. दुसरे उदाहरण जुलाबाचे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. अरबीने ग-चा ज केला आणि तो शब्द औषधी पाकासाठी वापरला. पाकातून रेचक देता देता रेचकालाच जुलाब म्हणू लागले, आणि मराठीत तर औषधाचे नाव रोगालाच लागले. फुलदाणीतला गुलाब आणि पोट बिघडल्यावरचे जुलाब हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, हे सांगितले की भाषाविज्ञानाच्या तासाला झोपलेला वर्गही जागा होतो.

तिसरा प्रवाह मुंबईचा. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठी माध्यमाचाही वर्ग होता. १८७९ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील औषधिद्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'वनौषधिगुणादर्श' लिहिला आणि १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधिसंग्रह' १९२७ चा. आणि साहित्याच्या वाचकांना विशेष जवळचे नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे. १९०९ च्या बडोदे येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते; बा. दा. बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील महाग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये बाहेर आला. त्या काळी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष वनस्पतिशास्त्रज्ञ असणे कोणाला विचित्र वाटले नाही. १९९५ चे संमेलन परभणीलाच भरले होते आणि नारायण सुर्वे अध्यक्ष होते. पण तोपर्यंत भाषा आणि वनस्पती यांचे अभ्यासक एकमेकांच्या मांडवात जाईनासे झाले होते.

या तिसऱ्या प्रवाहाचा आमच्या विषयाशी थेट संबंध आहे. मराठी वनस्पतिनामे छापली जात होती त्या काळात परभणी दुसऱ्या राज्यात होती. मोल्सवर्थच्या १८३१ आणि १८५७ च्या कोशांपासून पुढच्या निघंटूंपर्यंत जी मराठी नावे प्रमाण ठरली, ती प्रामुख्याने कोकणची, पुण्याची आणि मुंबईच्या औषधबाजाराची. म्हणून पुस्तकात 'टाकळा' मुख्य नाव झाले आणि 'तरोटा' बहुधा पर्यायाच्या रांगेत उभा राहिला. तरोट्यात काही उणे नव्हते. छापखाना जिथे होता तिथले नाव प्रमाण झाले, एवढेच. भाषेतल्या प्रमाणीकरणाचा सगळा वाद या एका रोपट्यात पाहता येतो.

चौथा प्रवाह लॅटिन नावांचा. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले; २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. १९९८ मध्ये व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या प्रदेशातील वनस्पतींना शास्त्रीय नावांची पक्की चौकट मिळाली. लॅटिन नावाचा लाभ उघड आहे : जिंतूरचा आणि जर्मनीचा अभ्यासक एकाच झाडाविषयी बोलत आहेत, ही खात्री. मात्र हे नावही अढळ नाही. तरोटा आधी कॅशिया होता, पुढे सेन्ना झाला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अकेशिया' हे कुलनाम ऑस्ट्रेलियाच्या बाभळींकडे ठेवण्याचे ठरले, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि आपली बाभूळ 'वाचेलिया' झाली. जगभरच्या पुस्तकांत बाभळीचे नाव बदलले. गोदाकाठच्या बांधावर मात्र ती बाभूळच राहिली. स्थैर्य शास्त्रीय नावात आणि चंचलता बोलीत, हे गृहीतक निदान येथे तरी टिकत नाही.

आता धोक्याकडे वळू, कारण औषधाच्या बाबतीत शब्दाची चूक शरीराला भोगावी लागते. 'ब्राह्मी' म्हणून महाराष्ट्रात जी वनस्पती सर्रास ओळखली जाते ती सेंटेला, म्हणजे ग्रंथांतली मंडूकपर्णी. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधिसंहितेतली ब्राह्मी म्हणजे बाकोपा. 'शंखपुष्पी' या एका नावावर निदान तीन वनस्पती हक्क सांगतात, त्यांत एक आपली गोकर्णही आहे. पुनर्नवेच्या नावाखाली दोन वेगळ्या वेली-तणांची मुळे विकली जातात. मेषशृंगी म्हणजे ग्रंथांत गुडमार ही वेल. मराठीत मेढशिंगी म्हणजे डोंगरातला एक वृक्ष. शब्द तोच, अर्थही तोच, मेंढ्याचे शिंग. वस्तू मात्र अगदी निराळ्या. मधुमेहासाठी मेषशृंगी हवी असलेल्या रुग्णाला कोणी मेढशिंगी आणून दिली, तर दोष देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा की परिभाषेचा?

सर्वांत बोधप्रद प्रकरण पिवळ्या धोत्र्याचे. हा धोत्राच नव्हे. काटेरी पाने आणि फळ पाहून लोकांनी उपमेने नाव दिले. तोडला की पिवळा चीक येतो, म्हणून अलीकडच्या अनेक पुस्तकांत त्याला 'स्वर्णक्षीरी' हे जुने संस्कृत नावही चिकटले. परंतु ही वनस्पती मेक्सिकोची. सोळाव्या शतकापूर्वी ती येथे नव्हती. तेव्हा चरकाची स्वर्णक्षीरी दुसरीच कोणती तरी असली पाहिजे. म्हणजे नाव जुने, वस्तू नवी, आणि जुन्या ग्रंथातले गुण नव्या वस्तूच्या खात्यावर जमा. याच पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. बोपदेवाने 'नानार्थ' वर्ग वेगळा का काढला, हे अशा वेळी उमगते.

वनस्पतींइतकीच रोगांची आणि मात्रेची भाषाही जपून पाहण्यासारखी आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'फिरंग' हा रोग नोंदवला. परक्यांबरोबर आलेला रोग त्यांच्याच नावाने ओळखला गेला. नारू हा शब्द बारवांचे पाणी पिणाऱ्या मराठवाड्यात एके काळी घरोघर होता. २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले आणि शब्द वृद्धांच्या आठवणीत उरला. असा शब्द मरण्याचा कोणी शोक करू नये. पण सारेच शब्द रोग गेल्यामुळे जात नाहीत. बाळघुटीत हिरडा किती, तर सहाणेवर एक वेढा. वेखंड किती, तर अर्धा वेढा. 'वेढा' हे मोजमाप कोणत्याही तक्त्यात नाही, तरी आजीपासून नातीपर्यंत ते हातातून हातात गेले. गुंज तर वनस्पती आणि वजन दोन्ही : आठ गुंजांचा मासा, बारा मासांचा तोळा. गुंजेची बी विषारी आहे हे माहीत असूनही तिनेच औषध तोलले जाई. हे शब्द गेले तर त्यांच्यासोबत प्रमाणाची जाणही जाते, आणि औषधात प्रमाण हेच सर्वस्व.

ही सारी चर्चा केवळ हळहळीची राहू नये, असे घडामोडी सांगतात. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व दिले गेले. भारताने हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या लढ्यात कामी आले ते लिखित पुरावे, त्यांत संस्कृत ग्रंथ होते. आपल्या प्रत्येक आजीला हळद लावणे ठाऊक होते, पण तिच्या तोंडी ज्ञानाला तेथे साक्षीदार म्हणून उभे राहता आले नाही. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोक-जैवविविधता नोंदवह्या आल्या. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर लाभाच्या वाटणीच्या बंधनातून बऱ्याच अंशी मोकळा केला. चक्रमर्द आणि तरोटा यांच्यातला भेद आता केवळ शैलीचा राहिला नाही. जे निघंटूत आहे ते एका नियमाखाली, जे शिवारात आहे ते दुसऱ्या. आणि शिवारातले काय हे ठरवायला नोंद हवी.

नोंदवहीत 'स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. तो भरणारा मनुष्य घाईत असला तर पुस्तकातले 'टाकळा' लिहून मोकळा होतो. मग परभणीच्या गावाची नोंद कोकणच्या शब्दाने होते, आणि जखमजोडी, कंबरमोडी, दगडी पाला यांतले कोणते नाव कोणत्या तालुक्यात चालते हे कायमचे हरवते. हा रकाना नीट भरण्याची विद्या वनस्पतिशास्त्राच्या विभागात शिकवली जात नाही. ती बोलीभाषा, कोशरचना आणि लोकसाहित्य शिकवणाऱ्या मराठी विभागात आहे. उलट, समोरचे रोप नेमके कोणते हे आम्हा मराठीवाल्यांना सांगता येणार नाही. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने वाळवलेला नमुना आणि शास्त्रीय नाव द्यावे, मराठीच्या विद्यार्थ्याने नाव, त्याचा उच्चार, गाव, सांगणाऱ्याचे वय आणि नाव पडण्याचे कारण लिहावे. एकच नाव दोन वनस्पतींना असेल तर ती नोंद बोपदेवाप्रमाणे वेगळ्या पानावर जावी. गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत नऊ तालुक्यांत महाविद्यालयांची वाण नाही, आणि पदव्युत्तर वर्गाला प्रकल्प तर दरवर्षी करावाच लागतो.

नरहरीने पाच-सहा शतकांपूर्वी महाराष्ट्राच्या भाषेला विचारून संस्कृत नावांची खातरजमा केली. त्याला उत्तर देणारे कोणी तरी येथे होते, म्हणून त्याचा ग्रंथ उभा राहिला. आज विचारणारे पुष्कळ आहेत : कायदा विचारतो आहे, औषधांचा बाजार विचारतो आहे, परदेशातला संशोधक विचारतो आहे. येत्या पावसाळ्यात तरोटा पुन्हा उगवेलच. त्याला तरोटा म्हणणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून तो शब्द, त्याच्या सगळ्या संदर्भांसह, उतरवून घेणे हे आपले काम आहे.